चॅम्पियन्स हॉकी लीग: झ्युरिकचं २००९ चं विजेतेपद धरायचं की नाही?

मुलुंडकर_सीविंग

नमस्कार मंडळी. प्रश्न आइस हॉकीचा आहे, पण तो उभा राहिला आमच्या सोसायटीच्या गणपतीत, म्हणून आधी तेवढं सांगतो.

२०२५ च्या गणपतीत प्रश्नमंजूषा माझ्याकडे होती. दरवर्षी तेच क्रिकेट आणि तेच ऑलिम्पिक होतं, म्हणून एक फेरी 'जगभरचे खेळ' अशी ठेवली. त्यात युरोपातल्या आइस हॉकी क्लबांच्या स्पर्धेवर प्रश्न घातला: चॅम्पियन्स हॉकी लीग जिंकणारा पहिला स्विस क्लब कोणता? पर्याय बर्न, झ्युरिक, जिनिव्हा, दावोस. माझ्या कागदावर उत्तर होतं झ्युरिक.

आमच्याच विंगमधली आठवीतली एक मुलगी आहे. इनलाइन स्केटिंग करते, हॉकीचे व्हिडिओ बघते. तिने क्षणात हात वर केला आणि म्हणाली, "जिनिव्हा, २०२४." मी चूक दिलं. तिचा गट पाच गुणांनी दुसरा आला. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत तिने बाबांच्या फोनवर विजेत्यांची यादी काढून माझ्यापुढे धरली. यादी २०१५ पासून सुरू होत होती. लुलेओ, मग फ्रोलुंडा, खाली २०२४ ला जिनिव्हा-सर्व्हेत, २०२५ ला झेडएससी लायन्स, म्हणजे झ्युरिक. २००९ त्यात नव्हतंच. "काका, तुमचं झ्युरिक दुसरं आहे," एवढंच म्हणाली आणि शिऱ्याचा द्रोण घेऊन गेली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण २००९ चा तो अंतिम सामना मी तिथे बसून पाहिलेला आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीच्या कामासाठी सहा महिने झ्युरिकला होतो. ओर्लिकॉन भागात एका म्हाताऱ्या जोडप्याकडे वरची खोली भाड्याने घेतली होती. आजोबा ट्राम चालवून निवृत्त झालेले. झ्युरिकचा संघ तेव्हा हालेनस्टाडिओनमध्ये खेळायचा, ते घरापासून चालत दहा मिनिटांवर. आजोबा क्लबला कधीही लायन्स म्हणायचे नाहीत. ते नाव १९९७ मध्ये दुसऱ्या क्लबशी जोडणी झाल्यावर आलं. त्यांच्यासाठी तो त्यांच्या लहानपणचा 'त्सेट-एस-त्से'च (झेडएससीचा जर्मन उच्चार) होता.

२६ नोव्हेंबरला मी ऑफिसातून निघतच होतो. तिकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे मुंबईत रात्रीचे साडेनऊ. धाकटा भाऊ फोर्टमध्ये नोकरीला, रोज सीएसटीहून गाडी पकडणारा. त्याचा फोन लागेना. घरी आईला लावला तर ती नुसती रडत होती. रात्री अकरापर्यंत मी खिडकीपाशी फोन हातात घेऊन उभा होतो. शेवटी त्याचा आवाज ऐकू आला. ऑफिसातले दिवे बंद करून सगळे जण जमिनीवर बसून होते. तो वाचला. पण त्यानंतर मी ऑफिस आणि खोली यापलीकडे कुठे जाईना. आजी दाराबाहेर सूपचं भांडं ठेवून जायच्या.

जानेवारीत आजोबांनी दार वाजवलं. दोन तिकिटं होती. हिला थंडी सोसत नाही, तू चल, म्हणाले. हालेनस्टाडिओन त्या दिवशी दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेलं, म्हणून सामना रापर्सविलला होता, झ्युरिक तलावाच्या वरच्या टोकाला. तलावाच्या काठाकाठाने लोकल जाते. २८ जानेवारी २००९. पहिला सामना आठवडाभर आधी मॅग्निटोगोर्स्कला २-२ सुटला होता. समोर तेच, मेटालुर्ग मॅग्निटोगोर्स्क, गेल्या वर्षीचे युरोपचे विजेते.

मी आयुष्यात पहिल्यांदा आइस हॉकी बघत होतो. पहिली दहा मिनिटं पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, दिसतच नव्हता. मग लक्षात आलं, हे मैदानी हॉकीसारखं बघायचंच नाही, हे कॅरमसारखं बघायचं. पक म्हणजे स्ट्रायकर. खेळाडू तो सरळ देत नाहीत, कडेच्या फळीवर मारतात आणि तो कुठून परत येणार हे त्यांना आधीच माहीत असतं. आमच्या चाळीच्या गच्चीवर कॅरम खेळत मोठा झालोय, मला तो कोन लगेच कळायला लागला. आजोबांना भाषेची अडचण, मलाही. मी बोटाने हवेत रेघ काढायचो, फळीवर इथे लागेल, तिथे जाईल, आणि ते मान हलवायचे. झ्युरिकने ५-० ने जिंकलं. चौथ्या गोलनंतर आजोबांनी त्यांचा निळा-पांढरा मफलर माझ्या गळ्यात घातला आणि मला घट्ट धरलं. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला असेन.

तर आता सांगा. तो करंडक होता, कप्तान माथियास सेगरने तो माझ्या डोळ्यांदेखत उचलला, स्पर्धेचं नावही चॅम्पियन्स हॉकी लीगच होतं. मग यादीत का नाही? ती स्पर्धा एकाच हंगामात का संपली? आणि मुख्य म्हणजे, त्या मुलीचे गुण मी चुकीचे कापले का?

---

निळी_रेषा_ठाणे

काका, तुम्ही तो सामना बघितलात! हा हंगाम मी नंतर वाचून वाचून जमवला, तुम्ही आत बसला होतात. आधी सविस्तर उत्तर देतो.

नाव एक, पण स्पर्धा दोन. २००८-०९ ची लीग आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची होती. महासंघ १९०८ चा, म्हणजे त्याचं शंभरावं वर्ष. त्याआधी युरोपच्या क्लबांसाठी बरेच प्रयोग झाले होते. १९६५ पासून १९९७ पर्यंत युरोपियन कप चालला, त्यातले वीस एकट्या मॉस्कोच्या सीएसकेएने नेले. २००५ ते २००८ युरोपियन चॅम्पियन्स कप झाला, तो चारही वेळा रशियात राहिला: ओम्स्क, दिनामो मॉस्को, कझान आणि शेवटी मॅग्निटोगोर्स्क. पण तो काही दिवसांत एकाच शहरात उरकायचा. महासंघाला फुटबॉलसारखी घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर, भर हंगामात चालणारी लीग हवी होती. ती ही.

बारा संघ, तिघातिघांचे चार गट, गटात पहिला येणारा थेट उपांत्य फेरीत. म्हणजे एक सामना गेला की जवळजवळ घरी. झ्युरिकच्या गटात स्वीडनचं लिंकोपिंग आणि प्रागचं स्लाविया होतं. तिथून वर येऊन त्यांनी फिनलंडच्या एस्पो ब्लूजला हरवलं. दुसऱ्या बाजूला मॅग्निटोगोर्स्कने उफाच्या सलावात युलायेवला हरवलं. अंतिम फेरीत झ्युरिककडून कुणालाच फार आशा नव्हती. मॅग्निटोगोर्स्क म्हणजे उरलमधलं पोलादाचं गाव, पण हॉकीत दादा. त्याच हंगामाच्या सुरुवातीला, १ ऑक्टोबर २००८ ला बर्नमध्ये त्यांनी न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध ३-० आघाडी घेतली होती. शेवटी ४-३ हरले, पण एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या लीगच्या संघाला घाम फोडला. त्या संघाला ५-० म्हणजे काय, हे त्या रात्री सभागृहात बसलेल्यांनाच कळलं असणार. प्रशिक्षक शॉन सिम्पसन होते, ते पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

आता एकाच हंगामात का संपली. पैसा. स्पर्धा मोठ्या प्रायोजकाच्या जिवावर उभी केली होती आणि ती सुरू होते न होते तोच २००८ ची जागतिक मंदी आली. २००९ च्या उन्हाळ्यात महासंघाने जाहीर केलं की पुढचा हंगाम होणार नाही. जिंकणाऱ्याला जेतेपद राखायची संधीच मिळाली नाही. खेळात याच्याहून वाईट काय असतं मला माहीत नाही.

एक हक्क मात्र झ्युरिकला मिळाला. युरोपचा विजेता म्हणून व्हिक्टोरिया कपमध्ये एनएचएलच्या संघाशी गाठ. २९ सप्टेंबर २००९, हालेनस्टाडिओन, समोर शिकागो ब्लॅकहॉक्स. झ्युरिक २, शिकागो १. त्याच शिकागोने पुढच्या जूनमध्ये स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद जिंकलं. तेव्हा तुम्ही पाहिलेला संघ कुणी ऐरागैरा नव्हता काका.

मग पाच वर्षं शांतता. म्हणजे मधल्या काळात क्लब आपापसात युरोपियन ट्रॉफी नावाची स्पर्धा खेळत होते, त्यातूनच नवीन लीग जन्मली. २०१४ ची चॅम्पियन्स हॉकी लीग २६ क्लब, सहा देशी लीग आणि महासंघ अशा तिघांनी मिळून काढली. त्यात क्लबांचा वाटा ६३ टक्के, महासंघाचा फक्त १२. मालकच वेगळे, कंपनी वेगळी. पहिल्या हंगामात ४४ संघ होते आणि अंतिम फेरीत लुलेओने ०-२ पिछाडीवरून शेवटच्या वीस मिनिटांत चार गोल मारून फ्रोलुंडाला हरवलं. मग फ्रोलुंडाने पाच वर्षांत चार वेळा जिंकून भरपाई केली. त्या मुलीने दाखवलेली यादी या नव्या लीगची. त्यात जिनिव्हा पहिलं, हे अगदी बरोबर आहे. २० फेब्रुवारी २०२४, जिनिव्हामध्ये, शेलेफ्तेओविरुद्ध ३-२. पुढच्या वर्षी झ्युरिकने फार्येस्तादला २-१ हरवलं.

माझं उत्तर: २००९ चं विजेतेपद खरं, पण ते दुसऱ्या स्पर्धेचं.

---

वानखेडे_नॉर्थस्टँड

हॉकीतलं मला फार कळत नाही, पण हा प्रश्न मुंबईकराला कळायला वेळ लागू नये.

आपली चॅम्पियन्स लीग टी-ट्वेंटी आठवा. पहिली स्पर्धा डिसेंबर २००८ मध्ये होणार होती, ती २६/११ मुळेच रद्द झाली. २००९ ला सुरू झाली. २०११ ला मुंबई इंडियन्सने चेपॉकवर बंगळूरला ३१ धावांनी हरवलं. सचिन जखमी, हरभजन कप्तान. २०१३ ला कोटलावर राजस्थानला हरवलं, सचिन आणि द्रविड दोघांचा तो शेवटचा टी-ट्वेंटी सामना. २०१५ ला स्पर्धा बंद, कारण टीव्हीवर फारसं कुणी बघत नव्हतं.

आता समजा उद्या कुणी नव्या मालकांनी त्याच नावाने स्पर्धा काढली आणि पहिल्या वर्षी चेन्नईने जिंकली. "चॅम्पियन्स लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ चेन्नई" असं कुणी माझ्यासमोर म्हटलं तर मी गप्प बसेन? (चेन्नईने जुनीही २०१० ला जिंकलेली आहे, म्हणजे आपल्या आधीच, पण मुद्दा समजून घ्या.) २०११ चा तो अंतिम सामना मी परळच्या मामाकडे बघितला. मलिंगा टाकत होता तेव्हा मामा देव्हाऱ्यापुढून उठायला तयार नव्हता. मी त्या विजयावर फुली मारणार नाही.

काका, तुमचं बरोबर आहे. गुण देऊ नका.

---

निळी_रेषा_ठाणे

वानखेडेदादा, तुमचंच क्रिकेट उलट बाजूने घ्या. आयसीसीची १९९८ ची ढाक्याची स्पर्धा चॅम्पियन्स ट्रॉफी या नावाने खेळलीच गेली नव्हती, तिचं नाव नॉकआउट होतं. तरी आज चॅम्पियन्स ट्रॉफीच्या यादीत पहिलं नाव दक्षिण आफ्रिकेचंच आहे, कारण दोन्हीची मालक आयसीसी. म्हणजे नाव बदललं तरी यादी चालू राहते आणि मालक बदलला की नाव तेच असूनही यादी नवी सुरू होते. हॉकीत दुसरं झालं.

---

मुलुंडकर_सीविंग

दोघांचेही मनापासून आभार. शिकागोचा सामना मला ठाऊक होता, पण पुढे त्यांनीच स्टॅनले कप जिंकला हे आज कळलं. तोवर मी मुंबईत परत आलो होतो. आजोबांनी त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं होतं, जर्मनमध्ये. ऑफिसातल्या एकीने वाचून दाखवलं. शेवटी एकच वाक्य मोठ्या अक्षरात होतं: आपण अमेरिकनांनाही हरवलं. 'आपण' लिहिलं होतं त्यांनी.

ते २०१६ ला गेले. नवीन लीगमध्ये झ्युरिक जिंकलेलं त्यांनी पाहिलं नाही. त्यामुळे त्यांच्या हयातीतलं ते एकच आहे, आणि ते यादीत नाही हे मला टोचतं. ही भावना झाली, युक्तिवाद नाही, हे मला कळतं.

---

गिरगावच्या_बाई

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातली वीस वर्षं आंतरशालेय प्रश्नमंजूषा घेतली. तुमच्या आठवणीने डोळे भरून आले. पण निकाल देताना आठवण टेबलावर नसते. टेबलावर प्रश्नाचे शब्द असतात.

तुमच्या प्रश्नात वर्ष नव्हतं. 'महासंघाची' की 'क्लबांची' हेही नव्हतं. आज 'चॅम्पियन्स हॉकी लीग' असं नुसतं म्हटलं तर जी चालू आहे ती, असाच अर्थ मूल घेणार, आणि तो वाजवी आहे. प्रश्नाला दोन उत्तरं निघत असतील तर फायदा उत्तर देणाऱ्याला. हा आमचा नियम होता आणि तो मी परीक्षकांशी वाद घालून पाळायला लावला आहे. शिवाय तिने नुसता पर्याय निवडला नाही, न विचारता वर्षही सांगितलं. माहिती असल्याशिवाय मूल वर्ष सांगत नाही.

तिला गुण द्या. पण पहिल्या आलेल्या गटाकडून काही काढून घेऊ नका, त्यांची काही चूक नाही. पहिलं बक्षीस दोघांना द्या. आणि हे सगळ्यांसमोर सांगा. कोपऱ्यात बोलावून सॉरी म्हणू नका. चूक सगळ्यांसमोर दिली होतीत ना?

---

वानखेडे_नॉर्थस्टँड

बाई, नियम पटला. माझं मत मागे घेतो. फक्त २०११ मागे घेत नाही.

---

निळी_रेषा_ठाणे

बाईंशी पूर्ण सहमत. आणि काका, प्रश्न पुन्हा विचारायचा असेल तर असा विचारा: "युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकणारा पहिला स्विस आइस हॉकी क्लब कोणता?" याचं उत्तर झ्युरिक, २००९. युरोपियन कप असो, मधली युरोपियन लीग असो की चॅम्पियन्स कप, एकही स्विस क्लबने जिंकलेला नाही. झ्युरिकने २००१ आणि २००२ चा कॉन्टिनेंटल कप जिंकलाय, पण ती दुसऱ्या पायरीची स्पर्धा धरली जाते. तेव्हा आजोबांचं विजेतेपद यादीत नसलं तरी या प्रश्नात पहिलंच आहे.

---

मुलुंडकर_सीविंग

उशिरा लिहितोय, क्षमस्व. काय झालं ते सांगायला हवं.

रविवारी सोसायटीची सभा होती, पार्किंगच्या वादावर. ती संपल्यावर मी अध्यक्षांकडून दोन मिनिटं मागून घेतली आणि उभं राहून सांगितलं की माझा प्रश्न अर्धवट होता, जिनिव्हा हे उत्तर बरोबर होतं आणि पहिलं बक्षीस दोन्ही गटांना आहे. ट्रॉफी बनवणाऱ्याकडून तशीच आणखी एक करून आणली होती. ती मुलगी मागे आईजवळ बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने मान खाली घातली, पण ट्रॉफी घ्यायला आली ती तरातरा चालत आली.

नंतर ती आणि तिचे बाबा घरी आले. मी कपाटातून आजोबांनी निघताना दिलेला पक काढला. सोळा वर्षांत माझ्याशिवाय कुणी हातात घेतला नव्हता. काळं घट्ट रबर, इंचभर जाड, कडेला शंकरपाळीसारखी नक्षी, म्हणजे काठीवर घसरू नये. तिने घेतला आणि पहिलं वाक्य, "एवढा जड?" मी भावाच्या मुलाचा सीझन बॉल आणून तिच्या दुसऱ्या हातात दिला. डोळे मिटून तिने दोन्ही हात वरखाली केले. जवळजवळ सारखंच वजन, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या मध्ये. मग तिनेच मला सांगितलं की सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, नाहीतर रबर बर्फावर उसळतं. हे मला माहीत नव्हतं. रापर्सविलला तो इतका शांत, जमिनीला चिकटून का पळत होता ते आज समजलं.

मग तिला २८ जानेवारीची गोष्ट सांगितली. २६/११ ला तिचा जन्मही झाला नव्हता. भावाचं सांगितलं, मफलरचं सांगितलं. ती मध्ये काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "कॅरम बोर्ड आहे का तुमच्याकडे? फळीवरचा तो कोन दाखवा ना."

बोर्ड माळ्यावर होता. पावडर नव्हती, खालच्या वाण्याकडून आणली. नऊ वाजेपर्यंत आम्ही तिघं बसलो होतो. सोंगट्या बाजूला ठेवल्या आणि नुसता स्ट्रायकर कडेवर मारून तो कुठून परत येतो ते बघत राहिलो.

निळी_रेषा, ती विचारतेय की २००८-०९ च्या गटातल्या सामन्यांचे व्हिडिओ कुठे बघायला मिळतील का. तुमच्याकडे काही असेल तर इथेच टाका, मी तिला दाखवतो.